शिरूर व दौंड तालुक्यांतील स्थानिक वृक्षलागवड

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर व दौंड या तालुक्यांत गायरान, वनखात्याची जमीन, ओढ्यांचे काठ व पडीक माळ यांवर देशी झाडे लावून तेथील मूळ निसर्ग पुन्हा उभा करण्याचे जे प्रयत्न होतात, त्यांचा समावेश स्थानिक वृक्षलागवडीत होतो. यातील बरीचशी लागवड पावसाळ्यातील एखाद्या ठरावीक दिवशी श्रमदानाने केली जाते. त्यात कारखान्यांतील व कार्यालयांतील कर्मचारी, शाळा-महाविद्यालयांचे विद्यार्थी आणि ग्रामस्थ भाग घेतात. हा प्रदेश पर्जन्यछायेत असून येथील मूळ निसर्ग घनदाट जंगलाचा नाही. तो गवताळ माळरानाचा आणि विरळ काटेरी झाडोऱ्याचा आहे. त्यामुळे कोणते झाड लावावे या प्रश्नाइतकाच ते कोठे लावू नये हा प्रश्नही या भागात महत्त्वाचा ठरतो.

भूगोल व हवामान

पुणे जिल्ह्याचा पश्चिम भाग सह्याद्रीत मोडतो व तेथे भरपूर पाऊस पडतो. पूर्वेकडे जावे तसा पाऊस झपाट्याने कमी होतो. शिरूर व दौंड तालुक्यांत वार्षिक पर्जन्य सर्वसाधारणपणे ५०० मिलिमीटरच्या आसपास असते आणि त्यातही वर्षागणिक मोठी तफावत पडते. शिरूर शहर घोड नदीच्या काठी, तर दौंड शहर भीमेच्या काठी वसले आहे. भीमा नदी काही अंतर या दोन तालुक्यांची सीमा बनून वाहते. मुळा-मुठेचा संयुक्त प्रवाह रांजणगाव सांडस येथे भीमेला मिळतो.

जमीन दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनलेली आहे. नदीकाठी खोल काळी माती, मधल्या पट्ट्यात मध्यम प्रतीची माती आणि उंचवट्यांवर वीतभर मातीखाली मुरूम, अशी तिची ढोबळ वाटणी होते. चासकमान, घोड व खडकवासला प्रकल्पांच्या कालव्यांमुळे काळ्या मातीचा पट्टा उसाखाली गेला. झाडे लावण्यासाठी जी जमीन उरते, ती बहुतेक वेळा मुरमाड असते.

पावसाच्या वितरणाचे एक वैशिष्ट्य लागवडीच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. या भागात मृग व आर्द्रा नक्षत्रांत पाऊस सुरू होतो, परंतु जुलै-ऑगस्टमध्ये अनेकदा मोठा खंड पडतो आणि जोरदार पाऊस पुन्हा सप्टेंबरमध्ये येतो. रब्बी ज्वारीचे येथील पीक याच परतीच्या पावसावर उभे आहे. वनमहोत्सव मात्र देशभर जुलैच्या पहिल्या आठवड्यात साजरा होतो. १९५० साली तत्कालीन केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी तो सुरू केला. मुळशी किंवा भोरकडे जुलैत लावलेले रोप पावसावर तगते. दौंडच्या माळावर त्याच दिवशी लावलेल्या रोपाला पुढील पंधरवड्यात पाणी घालावे लागण्याची शक्यता मोठी असते. ज्वारी पेरणारा शेतकरी जे नक्षत्र पाहतो, ते वृक्षारोपणाच्या कार्यक्रमपत्रिकेत क्वचितच पाहिले जाते.

मूळ निसर्गाचे स्वरूप

भारतातील वनप्रकारांच्या चॅम्पियन व सेठ यांनी १९६८ मध्ये केलेल्या वर्गीकरणानुसार या पट्ट्यातील झाडोरा दक्षिणी उष्णकटिबंधीय काटेरी वनात मोडतो. प्रत्यक्षात जमिनीवर दिसते ते असे: कुसळी, पवना, मारवेल, डोंगरी यांसारखी गवते, मधूनमधून बोरीची झुडपे, तरवड, नेपती, अमोणी, आणि बऱ्याच अंतराने एखादा हिवर, बाभूळ वा पळस. झाडांची दाटी फक्त ओढ्या-नद्यांच्या काठी, विहिरींजवळ व देवस्थानांभोवती होते.

हे माळ मुळात जंगल होते व माणसाने झाडे तोडल्यामुळे ते उघडे पडले, असा समज सर्वत्र आहे. काही ठिकाणी तो खराही आहे. तथापि हा प्रदेश फार प्राचीन काळापासून मोकळा असल्याचे पुरावे आहेत. शिरूर तालुक्यातच घोड नदीकाठी असलेल्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० या काळातील ताम्रपाषाणयुगीन वसाहत तेथे उघडकीस आली. हसमुख धीरजलाल सांकलिया, मधुकर केशव ढवळीकर व झैनुद्दीन अन्सारी यांची नावे या कामाशी निगडित आहेत. त्या वसाहतीतील लोक सातू पिकवीत, पाटाने पाणी वळवीत आणि शिकारही करीत. शिकारीच्या अवशेषांत काळविटाची हाडे आहेत. काळवीट हा उघड्या गवताळ प्रदेशातील प्राणी असल्याने ही नोंद बोलकी आहे. वसाहतीच्या अखेरच्या टप्प्यात हवामान अधिक कोरडे झाले व लोक पशुपालनाकडे आणि शिकारीकडे अधिक वळले, असे मत ढवळीकर यांनी मांडले होते.

दुसरा पुरावा मराठी वाङ्मयातला आहे. आशिष नेर्लेकर व दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका शोधनिबंधात तेराव्या शतकापासूनच्या मराठी ग्रंथांतील व मौखिक परंपरेतील वनस्पतींचे उल्लेख तपासले. पश्चिम महाराष्ट्रातील आज कोरड्या असलेल्या भूभागाशी संबंधित अशा ४४ रानवनस्पतींपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश वनस्पती मोकळ्या, गवताळ प्रदेशाच्या निदर्शक निघाल्या. घनदाट जंगलातील जाती अगदी मोजक्या होत्या. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात संत कान्होपात्रेच्या कथेशी जोडलेला तरटीचा वृक्ष अनेक वारकऱ्यांना ठाऊक असतो. ती तरटी याच काटेरी माळरानाची रहिवासी आहे. साहित्याचा विद्यार्थी आणि वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी एकाच पानावर यावेत, असे हे उदाहरण आहे.

मराठेशाहीच्या काळात भीमेच्या दोन्ही तीरांवरील प्रदेशाला भीमथडी म्हणत. भीमथडीची तट्टे घोडदळात नावाजलेली होती. तट्टांना गवत लागे व त्यासाठी कुरणे राखली जात. गवत हे या जमिनीचे गौण उत्पन्न नव्हते, ते तिचे मुख्य उत्पन्न होते.

गावांच्या नावांतील झाडे

या दोन तालुक्यांतील गावांची नावे म्हणजे स्थानिक झाडोऱ्याची जुनी यादीच आहे. शिरूर तालुक्यात बाभुळसर खुर्द, करंजावणे, निमगाव भोगी, निमगाव म्हाळुंगी, जांबूत, पिंपळसुटी, पिंपरखेड, चिंचणी व मोराची चिंचोली ही गावे आहेत. दौंड तालुक्यात बोरीभडक, बोरीपार्धी व बोरीबेल अशी बोरीची तीन गावे आहेत. हिंगणीगाडा व हिंगणीबेर्डी ही नावे हिंगणबेटाच्या झाडाशी जुळतात. प्रत्येक नावाची व्युत्पत्ती झाडावरूनच लावता येईल असे नाही. परंतु या नावांतून बाभूळ, बोर, करंज, निंब, जांभूळ, पिंपळ, चिंच एवढीच झाडे पुन्हापुन्हा येतात. साग, ऐन, हिरडा ही सह्याद्रीची झाडे येत नाहीत, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

यातही एक मौज आहे. चिंच हा वृक्ष मूळचा आफ्रिकेतला. तो इतक्या जुन्या काळी भारतात आला की त्याला परका म्हणणे कोणालाही पटणार नाही. मोरांसाठी प्रसिद्ध असलेल्या मोराची चिंचोली या गावाच्या नावातच तो आहे. त्यामुळे ‘स्थानिक’ या शब्दाची रेघ नेमकी कोठे ओढावी याबद्दल अभ्यासकांतही थोडाफार मतभेद असतो. व्यवहारात मात्र प्रश्न चिंचेचा नसून गेल्या शे-दीडशे वर्षांत आलेल्या व जमीन व्यापून टाकणाऱ्या जातींचा आहे.

लागवडीस योग्य जाती

माळावरच्या मुरमाड जमिनीत हिवर, बाभूळ, बोर, खैर, शमी, हिंगणबेट, आपटा, पळस, मेढशिंगी व अंजन या जाती तग धरतात. हिवराची साल पिवळसर पांढरी असते, पावसाळ्यात त्याला फिकट पिवळे तुरे येतात आणि त्याच्या शेंगा शेळ्या-मेंढ्या आवडीने खातात. नगरजवळच्या हिवरे बाजारसारख्या गावांच्या नावातही त्याचा मागमूस दिसतो. शमी व आपटा दसऱ्यामुळे घरोघर माहीत आहेत, पण ज्याची पाने सोने म्हणून वाटली जातात ते झाड दाखवा म्हटले तर अनेकांना दाखवता येत नाही. आपट्याऐवजी त्याच्यासारखी जुळी पाने असलेल्या कांचनाच्या फांद्या बाजारात सर्रास विकल्या जातात.

ओढ्यांच्या व नद्यांच्या काठी करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन व वाळुंज ही झाडे शोभतात. गावाजवळ, रस्त्याकडेला व शेताच्या बांधावर वड, पिंपळ, कडुनिंब, भोकर, वावळ, काटेसावर यांना जागा असते. झाडांइतकीच झुडपेही महत्त्वाची आहेत. तरवड, करवंद, अमोणी व नेपती यांच्या आडोशाने पक्ष्यांनी टाकलेले बी रुजते आणि लहान रोप शेळीच्या तोंडापासून वाचते. श्रमदानाच्या यादीत झुडपे सहसा नसतात, कारण झुडूप लावल्याचे छायाचित्र कोणाला काढावेसे वाटत नाही.

लागवडीतून वगळावयाच्या जातींत गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी, ऑस्ट्रेलियन बाभूळ, काशिद, गुलमोहर व रेन ट्री यांचा समावेश होतो. गिरिपुष्प हे मध्य अमेरिकेतील झाड. ते गुरे खात नाहीत व लवकर वाढते, म्हणून पूर्वी टेकड्यांवर मोठ्या प्रमाणात लावले गेले. परंतु त्याच्याखाली गवत व इतर झाडोरा फारसा वाढत नाही. सर्वांत त्रासदायक ठरली ती वेडी बाभूळ. इंधनासाठी व उजाड जमीन झाकण्यासाठी आणलेले हे अमेरिकी झुडूप आज ओढे, तलावांच्या कडा व गायराने व्यापून बसले आहे. ते नुसते तोडल्यास बुडख्यातून पुन्हा जोमाने फुटते. मुळासकट काढावे लागते. नवी रोपे लावण्याचा दिवस अनेक संस्था पाळतात, वेडी बाभूळ उपटण्याचा दिवस पाळणे त्याहून कष्टाचे आहे.

माळरानावर झाडे लावावीत काय

अभ्यासकांमध्ये या विषयावर गेल्या काही वर्षांत बरीच चर्चा झाली आहे. केंद्र शासनाच्या भूसंसाधन विभागाने राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या साहाय्याने २००० सालापासून पडीक जमिनींचे नकाशासंग्रह प्रसिद्ध केले. त्यांत झुडपी माळांची गणना पडीक जमिनीत होते. महसुली कागदपत्रांतही अशा जमिनीला पडीक, पोटखराबा अशी नावे आहेत. कागदावर पडीक असलेली जमीन सौर प्रकल्प, औद्योगिक वसाहत, खाणकाम किंवा वृक्षारोपण यांपैकी कशासाठीही मोकळी समजली जाते.

प्रत्यक्षात या माळांवर चिंकारा, लांडगा, तरस, खोकड, ससा हे प्राणी आणि धाविक, माळटिटवी, चंडोल, हिवाळ्यात येणारे भोवत्ये असे पक्षी राहतात. चिंकारा व लांडगा या दोन्ही प्राण्यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. दौंडला लागून असलेल्या बारामती तालुक्यात सुपे येथे मयूरेश्वर वन्यजीव अभयारण्य आहे. १९९७ मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र अवघे ५.१४ चौरस किलोमीटर असून ते मुख्यतः चिंकाऱ्यासाठी आहे. यवतजवळच्या भुलेश्वराच्या परिसरातील माळही पक्षिनिरीक्षकांना परिचित आहेत. इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी व बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथे वनखात्याने अलीकडे माळरान सफारी सुरू केली आहे. मध्यंतरीच्या पडीक मानलेल्या जमिनीतून हे प्राणी ये-जा करतात.

जमिनीवर घरटे करणारी धाविक किंवा माळटिटवी दूरवर दिसेल अशीच जागा निवडते. चिंकाराही धोका लांबून पाहून पळतो. अशा ठिकाणी दाट झाडी उभी केल्यास हे प्राणी-पक्षी तेथून निघून जातात व लागवडीचा हेतूच उलटतो. माळरानात साठलेला कर्ब मुख्यतः जमिनीखाली, गवताच्या मुळांत व मातीत असतो. खड्डे व चर खणताना हीच माती उलथली जाते.

एम. डी. मधुसूदन व अबी वनक यांनी उपग्रहचित्रांच्या आधारे भारतातील अर्धशुष्क, मोकळ्या नैसर्गिक परिसंस्थांचा नकाशा तयार केला. देशाच्या भूभागाचा सुमारे दहावा हिस्सा अशा परिसंस्थांनी व्यापलेला असून त्यातील पाच टक्क्यांहूनही कमी क्षेत्र संरक्षित आहे, असे त्यांना आढळले. महाराष्ट्राचा पूर्व पुणे, अहिल्यानगर, सोलापूर हा पट्टा त्यात येतो.

रोपांच्या दाटीचा प्रश्न यातूनच उद्भवतो. तीन-तीन मीटरवर रोप लावल्यास हेक्टरी सुमारे ११०० रोपे बसतात. केंद्राच्या हरित श्रेय कार्यक्रमाने २०२४ च्या आरंभी जाहीर केलेल्या पद्धतीत हेक्टरी किमान ११०० रोपांची अट होती व तिच्यावर या कारणाने टीका झाली. पुढे ती पद्धत बदलण्यात आली. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घनवन पद्धतीत तर एका चौरस मीटरमध्ये ३ ते ५ रोपे लावतात, म्हणजे हेक्टरी ३० ते ५० हजार. शहरातील शाळेच्या आवारात किंवा कारखान्याच्या कुंपणाआत तिचा उपयोग आहे. माळावर, जेथे दोन हिवरांमध्ये निसर्गतः पंचवीस-तीस पावलांचे अंतर असते, तेथे ती लागू पडत नाही.

शिरूर तालुक्यात दाट लागवडीला आणखी एक बाजू आहे. जुन्नर वनविभागात येणाऱ्या या तालुक्यात उसाच्या शेतांत बिबट्यांचा कायम वावर आहे आणि त्यांच्या हल्ल्यांत माणसे, विशेषतः लहान मुले, मृत्युमुखी पडली आहेत. वस्तीला किंवा शाळेच्या वाटेला लागून घनवन उभे राहिल्यास बिबट्याला दिवसा दडायला आणखी एक आडोसा मिळू शकतो, ही ग्रामस्थांची भीती निराधार म्हणता येत नाही. जागा ठरविताना गावाचे म्हणणे ऐकून घेणे त्यामुळे आवश्यक ठरते.

धनगर व चराई

गायरानावर लागवड झाली की तिला कुंपण पडते व चराई बंद होते. दख्खनी मेंढ्या घेऊन फिरणारे धनगर, तसेच गावातील शेळीपालक यांना याचा थेट फटका बसतो. मेंढपाळांचे कळप पावसाळ्यात कोरड्या भागातील माळांवर राहतात व पुढे पश्चिमेकडे, काही कोकणापर्यंत, उतरतात. वाटेतील शेतांत मेंढ्या बसवून शेतकऱ्यांना खत मिळते आणि मेंढपाळाला धान्य किंवा पैसे. माधव गाडगीळ व कैलाश मल्होत्रा यांनी धनगरांच्या या जीवनपद्धतीचा परिस्थितिकीच्या अंगाने अभ्यास केला होता.

मेंढपाळ हा लागवडीचा शत्रू समजला जातो. परंतु बाभूळ व हिवर यांच्या शेंगा खाऊन त्यांचे बी दूरवर नेण्याचे काम शेळ्या-मेंढ्याच करतात आणि त्यांच्या पोटातून गेलेले कठीण कवचाचे बी अधिक चांगले रुजते. शेळ्या-मेंढ्यांच्या वाड्यात पडलेले बाभळीचे बी गोळा करून पेरण्याची रीत शेतकऱ्यांना पूर्वीपासून माहीत आहे. सगळे गायरान एकदम बंद करण्याऐवजी त्याचे तुकडे पाडून आळीपाळीने चराई बंद ठेवणे हा मार्ग अधिक टिकाऊ ठरतो, कारण त्यात गवतही वाचते व कुंपण मोडण्याचे कारणही उरत नाही.

श्रमदान व संघटित लागवड

गावकामासाठी श्रमदान करण्याची परंपरा या परिसरात जुनी आहे. शिरूरला लागून असलेल्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने १९७५ नंतर जे काम उभे राहिले, त्यात श्रमदान, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी यांना मध्यवर्ती स्थान होते. १९७२ च्या दुष्काळात व त्यानंतर रोजगार हमीच्या कामांतून समतल चर, पाझर तलाव व रस्त्याकडेची लागवड झाली. १९८२ मध्ये राज्यात सामाजिक वनीकरणाची स्वतंत्र यंत्रणा निर्माण झाली. १९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना खेड्यांत आणले.

राज्य शासनाने १ जुलै २०१६ रोजी एका दिवसात दोन कोटी झाडे लावण्याचा कार्यक्रम जाहीर केला. पुढे २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी व २०१९ मध्ये ३३ कोटी अशी लक्ष्ये ठेवण्यात आली. लक्ष्य रोपांच्या संख्येत असल्याने गणनाही लावलेल्या रोपांचीच झाली व जगलेल्या झाडांचा प्रश्न मागे पडला, अशी टीका या मोहिमेवर झाली.

कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू झाली. रांजणगाव व कुरकुंभ या औद्योगिक वसाहती याच दोन तालुक्यांत आहेत आणि पुणे शहर दीड-दोन तासांच्या अंतरावर आहे. त्यामुळे पावसाळ्यातील शनिवार-रविवारी कर्मचाऱ्यांचे गट बसने येऊन वृक्षारोपण करतात, हे दृश्य या भागात नेहमीचे झाले आहे.

अशा दिवसाची खरी तयारी आधीच होते. गायरान असल्यास ग्रामसभेचा ठराव व महसूल यंत्रणेची संमती, वनजमीन असल्यास वनखात्याची परवानगी घ्यावी लागते. मुरमात पहारीने खड्डे खणणे नवख्या माणसाचे काम नाही, म्हणून दीड ते दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डे उन्हाळ्यातच मजुरांकडून किंवा यंत्राने खणून घेतात व उन्हात तापू देतात. नंतर त्यांत पोयट्याची माती व शेणखत भरतात. पाहुण्यांच्या हाती येते ते शेवटचे काम: पिशवी फाडून काढणे, मुळांभोवतीचा मातीचा गोळा न फुटू देता रोप बसविणे, माती दाबणे, आळे करणे. पिशवी तशीच ठेवून रोप लावणे ही या दिवशी सर्वाधिक होणारी चूक आहे. वेटोळे झालेली मुळे पिशवीतच अडकतात व झाड दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी वाऱ्याने कोलमडते किंवा वाळते.

शंभर माणसांनी प्रत्येकी दहा रोपे लावली तर हजार रोपे होतात आणि दुपारच्या जेवणापर्यंत काम संपते.

संगोपन

या हजार रोपांना उन्हाळ्यात दर आठवड्याला प्रत्येकी १० लिटर पाणी द्यावयाचे झाल्यास आठवड्याला १० हजार लिटर, म्हणजे एक मोठा टँकर लागतो. नोव्हेंबर ते मे या सात महिन्यांत असे सुमारे ३० टँकर होतात. माळावर हे किमान दोन, शक्यतो तीन उन्हाळे करावे लागते. ज्या गावांत एप्रिलमध्ये माणसांना पिण्यासाठी टँकर येतो, तेथे झाडांच्या टँकरकडे लोक कोणत्या नजरेने पाहतील हे सांगावयास नको. आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन, रोपाशेजारी पुरलेले सच्छिद्र मडके, ठिबक यांनी पाण्याची गरज कमी होते. सर्वांत मोठी बचत जातीच्या निवडीत आहे. हिवराला व बोरीला एकदा मूळ खाली गेल्यावर पाणी लागत नाही, गुलमोहराला लागत राहते.

फेब्रुवारीनंतर गवत वाळते व वणव्याचा धोका वाढतो. त्यासाठी लागवडीभोवती जाळरेषा काढतात. मोकाट जनावरांसाठी काटेरी फांद्यांचे कुंपण घालतात. मेलेल्या रोपांच्या जागी पुढील पावसाळ्यात नवी रोपे लावण्यास नांग्या भरणे म्हणतात. ही सर्व कामे वर्षभर राहणाऱ्या राखणदाराची आहेत. गावातील एखाद्या भूमिहीन कुटुंबाला तीन वर्षांचा मोबदला ठरवून देणे, हा खर्च अनेकदा अंदाजपत्रकात नसतो. फलक, टोप्या व जेवणाचा असतो.

बी टोकणे व राखण

पिशवीत वाढविलेल्या रोपांना पर्याय म्हणून बी थेट टोकण्याची पद्धत माळरानात उपयुक्त ठरते. बाभूळ, खैर, पळस, बोर यांचे सोटमूळ उगवताच सरळ खाली जाते. पिशवीत ते वळते, टोकलेल्या बियात वळत नाही. बाभळीचे व खैराचे बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवितात. बोरीचा आठळा हलकेच फोडतात. पळसाच्या चपट्या शेंगा मे-जूनमध्ये गोळा करून ताज्याच पेराव्या लागतात, कारण त्यांची उगवणशक्ती फार काळ टिकत नाही. दिसायला हे काम फारसे आकर्षक नाही. महिनाभर जमिनीवर काहीच दिसत नाही.

याहून स्वस्त पद्धत केवळ राखणीची आहे. वर्षानुवर्षे तोडल्या व चरल्या गेलेल्या माळावर बोर, हिवर, पळस व खैर यांची खोडे मातीत जिवंत असतात. दरवर्षी ती फुटतात व दरवर्षी खाल्ली जातात, म्हणून ती वीतभर उंचीची झुडपेच वाटतात. अशा जमिनीवर दोन-तीन वर्षे कुऱ्हाड व चराई थांबविल्यास आणि प्रत्येक खोडावरील एक-दोन जोमदार फुटवे ठेवून बाकीचे छाटल्यास, जुन्या मुळांच्या बळावर ती झाडे लावलेल्या रोपांपेक्षा कितीतरी वेगाने वाढतात. त्यांना पाणी लागत नाही, जात निवडावी लागत नाही आणि त्यांच्यातील अंतरही निसर्गाने आधीच ठरविलेले असते. जैवविविधता अधिनियम, २००२ नुसार ग्रामपंचायतींनी तयार करावयाच्या लोकजैवविविधता नोंदवहीत अशा खोडांची व जुन्या झाडांची नोंद घेता येते. लागवडीची जागा पाहण्यास जाणाऱ्या गटाने मे महिन्यात, गवत वाळलेले असताना माळ पायी फिरून ही खोडे मोजली, तर खड्डे कोठे खणायचे आणि कोठे मुळीच खणायचे नाहीत हे तेथेच ठरते.